तीन पेडांची वेणी उलगडणारा माणूस

हल्ली कोलॅजेन हा शब्द आपल्या कानांवर सारखा पडतो. क्रीमच्या जाहिरातीत कोलॅजेन, पावडरच्या डब्यावर कोलॅजेन, ब्यूटी पार्लरच्या पाटीवरही कोलॅजेन. बचत गटाच्या बैठकीत बायका मला विचारतात, की ताई, हे घेतलं तर चेहऱ्याच्या सुरकुत्या खरंच जातात का? मी बी.ए. झालेली बाई, विज्ञान माझा विषय नाही. पण विचारणाऱ्याला उत्तर तर द्यावं लागतं, म्हणून वाचायला बसले. वाचता वाचता सुरकुत्या राहिल्या बाजूला आणि एका माणसाची गोष्ट हाती लागली. ती आज सांगते.

आधी कोलॅजेन म्हणजे काय ते पाहू. ते एक प्रथिन आहे. आपली कातडी, हाडं, कूर्चा, स्नायूला हाडाशी बांधणारी कंडरा, रक्तवाहिन्यांच्या भिंती, या सगळ्यांना धरून ठेवणारा धागा म्हणजे कोलॅजेन. शरीरात जेवढं प्रथिन आहे त्याच्या साधारण चौथ्या ते तिसऱ्या हिश्शाएवढं हे एकटं असतं. ते नीट तयार व्हायला क जीवनसत्त्व लागतं. ते अजिबात मिळालं नाही तर हिरड्यांतून रक्त येतं, जुन्या जखमासुद्धा पुन्हा उघडतात. पूर्वी महिनोन्महिने समुद्रावर राहणारे खलाशी याच आजाराने मरत. म्हणून आवळ्याला, लिंबाला आणि पेरूला नावं ठेवू नका. आणि डब्यातल्या पावडरीचं म्हणाल, तर ती पोटात गेल्यावर डाळीतल्या प्रथिनासारखीच पचते, तिचे तुकडे होतात. ती उठून सरळ गालावर जाऊन बसत नाही. हजार-दीड हजार रुपये घालण्याआधी एवढं लक्षात ठेवा.

तर या धाग्याची वीण कशी असते, हे जगाला प्रथम कोणी सांगितलं? आपल्या देशातल्या, मद्रासच्या एका तरुण प्राध्यापकाने. त्यांचं नाव गोपालसमुद्रम नारायण रामचंद्रन. शास्त्रज्ञांच्या जगात त्यांना जी. एन. रामचंद्रन म्हणतात.

त्यांचा जन्म ८ ऑक्टोबर १९२२ रोजी केरळातल्या एर्नाकुलमला झाला. वडील तिथल्या महाराजा कॉलेजात गणित शिकवायचे, पुढे तिथेच प्राचार्य झाले. घरात गणिताचं वातावरण, त्यामुळे मुलाला आकड्यांची गोडी लहानपणीच लागली. तिरुचिरापल्लीच्या सेंट जोसेफ कॉलेजातून पदवी घेतली आणि १९४२ साली ते बंगलोरच्या भारतीय विज्ञान संस्थेत दाखल झाले. दाखल झाले ते इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंगला. पण तिथे भौतिकशास्त्राचे प्रमुख होते सर सी. व्ही. रामन, नोबेल मिळवलेले. त्यांनी या मुलाची चमक ओळखली आणि त्याला आपल्या विभागात ओढून घेतलं. हा मुलगा इंजिनिअरिंगला ठेवण्यापेक्षा जास्त हुशार आहे, अशा अर्थाचं काहीतरी त्यांनी त्या विभागाच्या प्रमुखांना सांगितलं म्हणे.

इथे मला थोडं थांबायचं आहे. कारण याच संस्थेत, याच रामन यांच्यासमोर, ९ वर्षं आधी आपली एक मराठी मुलगी उभी होती. कमला भागवत, म्हणजे पुढच्या कमला सोहोनी, दुर्गा भागवतांची धाकटी बहीण. १९३३ साली मुंबई विद्यापीठात बी.एस्सी.ला पहिली आलेली. तिला रामन यांनी प्रवेश नाकारला, कारण एकच, ती मुलगी होती. ती हटली नाही, हट्ट धरून बसली, तेव्हा अटी घालून आत घेतलं. वर्षभर काम पाहू, मग ठरवू, आणि तुझ्यामुळे मुलांचं लक्ष विचलित व्हायला नको, असल्या अटी. तिने काम दाखवलं, केंब्रिजला जाऊन १९३९ साली पीएच.डी. मिळवली, आणि ती तिथेच थांबली नाही. एकाला हात धरून आत घेतलं आणि एकीला दारात अडवलं, दोन्ही करणारा माणूस तोच. रामन यांचं मोठेपण मी कमी करत नाही. पण रामचंद्रन यांची गोष्ट सांगताना हे दार आठवल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

रामचंद्रन बंगलोरला डी.एस्सी. झाले, मग १९४७ ते १९४९ केंब्रिजला राहून तिथली पीएच.डी.ही घेऊन आले. १९४५ साली त्यांचं लग्न झालं होतं. पत्नीचं नाव राजलक्ष्मी, सगळे त्यांना राजम म्हणायचे. परत आल्यावर काही वर्षं बंगलोरला शिकवलं. मग १९५२ साली मद्रास विद्यापीठाला भौतिकशास्त्राचा प्रमुख हवा होता. कुलगुरू होते डॉ. ए. लक्ष्मणस्वामी मुदलियार. हे स्वतः प्रसूतितज्ज्ञ, बाळंतपणावरचं त्यांचं पाठ्यपुस्तक आपल्याकडचे डॉक्टर आजही ओळखतात. त्यांनी ही जागा आधी रामन यांनाच देऊ केली होती. रामन यांनी ती स्वतः न घेता आपल्या शिष्याचं नाव सुचवलं. तेव्हा रामचंद्रन यांना ३० वर्षंही पूर्ण झाली नव्हती. एवढ्या कोवळ्या वयाच्या माणसाच्या हाती विभाग द्यायला कुलगुरूंचीही छाती लागते.

विभाग नवा, यंत्रं मोजकी. काय संशोधन करावं याचा शोध चालू होता, तेवढ्यात इंग्लंडचे नामवंत शास्त्रज्ञ जे. डी. बर्नाल मद्रासला आले. बोलता बोलता त्यांच्याकडून कळलं, की कोलॅजेनची रचना अजून कोणालाच नीट सापडलेली नाही, जी चित्रं मांडली गेली त्यातलं एकही पटण्यासारखं नाही. रामचंद्रन यांनी ते मनावर घेतलं.

आता कोलॅजेन आणायचं कुठून? तर हाकेच्या अंतरावर केंद्रीय चर्मसंशोधन संस्था होती. १९४८ साली ती सुरू झाली होती. आपल्याला वाटतं चामडं म्हणजे चपला आणि पट्टे. पण चामडं म्हणजे बहुतेक सगळं कोलॅजेनच. कातडं कमावणाऱ्यांना या धाग्याचा चिवटपणा पिढ्यान्‌पिढ्या हाताने माहीत आहे, नाव तेवढं माहीत नव्हतं. या संस्थेकडून रामचंद्रन यांना कांगारूच्या शेपटीतल्या कंडरेचा नमुना मिळाला. ऐकायला गंमत वाटते, पण त्या शेपटीतलं कोलॅजेन अगदी स्वच्छ आणि सरळ धाग्यांचं असतं. त्यावर क्ष-किरण सोडले, की पलीकडच्या फिल्मवर ठिपक्यांची नक्षी उमटते. त्या नक्षीवरून आत अणू कसे बसले असतील हे ताडायचं. म्हणजे कोणी रांगोळी काढताना आपण पाहिलं नाही, फक्त भिंतीवर पडलेली तिची सावली पाहिली आणि सावलीवरून ठिपक्यांची मांडणी ओळखायची, असं काहीसं काम. जोडीला होते गोपीनाथ कार्था, त्यांचे सहकारी.

१९५४ च्या ऑगस्टमध्ये या दोघांचा लेख इंग्लंडच्या नेचर या साप्ताहिकात छापून आला. कोलॅजेनमध्ये तीन साखळ्या असतात, हे त्यांनी सांगितलं. १९५५ च्या सप्टेंबरमध्ये दुसरा लेख आला, त्यात चित्र पूर्ण झालं. तीन साखळ्या नुसत्या शेजारी उभ्या नाहीत, त्या एकमेकींभोवती वळलेल्या आहेत. तीन पेडांची वेणीच म्हणा ना!

आपल्याला हे समजायला अवघड नाही. आमच्याकडे पोळ्याच्या आधी अंबाडीचे दोर वळायचे, तुम्ही लहानपणी पाहिले असतील. प्रत्येक पेडाला एका दिशेने पीळ द्यायचा आणि मग ते पेड एकत्र उलट दिशेने वळायचे. दोन पीळ एकमेकांविरुद्ध असतात म्हणून दोर उलगडत नाही, बैलाने हिसका दिला तरी टिकतो. कोलॅजेनमध्ये निसर्गाने तेच केलंय. प्रत्येक साखळीचा पीळ डावा, तिघींचा मिळून पीळ उजवा.

आणि एक बारकावा. साखळीत मणी असतात, त्यांना अमिनो आम्लं म्हणतात. कोलॅजेनमध्ये दर तिसरा मणी ग्लायसिन नावाचा असतो, सगळ्यांत लहान. असं का, हे आधी कोडं होतं. वेणी डोळ्यांसमोर आली आणि कोडं सुटलं. तीन पेड जिथे मधोमध भेटतात तिथे जागाच इतकी थोडी असते, की मोठा मणी तिथे मावत नाही. म्हणून दर तिसऱ्या वळणावर लहान मणी आत येतो. पण साखळी वळत असताना तोच मणी दर वेळी आतल्या बाजूला कसा येणार? इथे रामचंद्रन यांना चंद्र आठवला असं सांगतात. चंद्र पृथ्वीभोवती फिरताना स्वतःभोवतीही असा फिरतो, की त्याची एकच बाजू कायम आपल्याकडे राहते. साखळ्याही तशाच वळतात. इतकी मोठी गोष्ट आणि सुचली ती आपण सगळ्याजणी रोज पाहतो त्या चंद्रावरून, याचं मला फार अप्रूप वाटतं.

मात्र कौतुक सुखासुखी मिळालं नाही. १९५३ साली डीएनएची रचना सांगून गाजलेले फ्रान्सिस क्रिक आणि त्यांचे सहकारी अलेक्झांडर रिच यांनी १९५५ च्या नोव्हेंबरमध्ये कोलॅजेनवर आपला लेख छापला. वेणी त्यांनीही मान्य केली, पण रामचंद्रन यांच्या मांडणीत काही अणू एकमेकांच्या फारच जवळ आलेत, एवढी दाटी चालणार नाही, असा आक्षेप घेतला. साखळ्यांना जोडणारे बंध किती, यावरही मतभेद झाला. मद्रासकडे दोन, त्यांच्याकडे एक. पुढे पाठ्यपुस्तकांत बऱ्याच ठिकाणी रिच आणि क्रिक यांचीच नावं ठळक झाली. खरं सांगायचं तर बारीक तपशिलात त्यांची दुरुस्ती बरोबर ठरली, सरळ बंध एकच निघाला. पण मूळ वेणी कोणी प्रथम पाहिली, तर ती मद्रासला. घरात पुरण शिजवते एक आणि ताट वाढणारीचं नाव होतं, असं आपण कितीदा पाहतो!

रामचंद्रन यांनी भांडत बसण्याऐवजी आक्षेपाचाच अभ्यास सुरू केला. दोन अणू एकमेकांच्या किती जवळ येऊ शकतात? कुठली दाटी चालते आणि कुठली नाही? त्यांनी उपलब्ध असलेल्या सगळ्या रचना चाळून अंतरं काढली. प्रथिनाच्या साखळीत प्रत्येक सांध्याला दोन ठिकाणी फिरता येतं. आपला कोपर पुढे वाकतो, मागे वाकत नाही, तसं या सांध्यांनाही काही वळणं जमतात, काही जमत नाहीत, कारण अणू अणूवर आदळतो. सी. रामकृष्णन आणि व्ही. शशिशेखरन यांच्यासोबत त्यांनी १९६३ साली याचा नकाशाच काढला. चौकोनात थोडा भाग परवानगीचा, बाकी सगळा निषिद्ध. याला आज जगभर रामचंद्रन आलेख म्हणतात. कुठल्याही प्रयोगशाळेत कोणी नव्या प्रथिनाची रचना शोधली, की ती बरोबर आहे की नाही हे या आलेखावर ताडून पाहतात. टीकेतून निघालेलं हे काम मूळ कामापेक्षाही मोठं ठरलं, असं माझं मत आहे.

बंधांच्या वादाचा शेवटही ऐका. १९६८ साली रामचंद्रन यांनी सांगितलं, की दुसरा बंध सरळ नसला तरी पाण्याच्या रेणूमार्फत असू शकेल. १९९४ साली अमेरिकेत बार्बरा ब्रॉडस्की आणि हेलन बर्मन या दोन शास्त्रज्ञ बायकांच्या गटाने कोलॅजेनसारख्या छोट्या तुकड्याचा स्फटिक तपासला, तेव्हा सरळ बंध एकच दिसला आणि वेणीला लपेटून बसलेलं पाणीही स्पष्ट दिसलं.

आता तुम्ही म्हणाल, वेणी कशी का असेना, आपल्याला त्याचं काय? तर ऐका. आमच्या गटातल्या एका ताईंना स्तनाचा कर्करोग झाला. आपल्या बुलडाणा जिल्ह्यातून अशा उपचारांना अकोला, नागपूर नाहीतर थेट मुंबई गाठावी लागते. केमोचं औषध शिरेतून गेलं, की ते गाठीत जातं आणि केसांच्या मुळाशीही जातं, तोंडाच्या आतल्या नाजूक कातडीतही जातं, आतड्यातही जातं. त्या ताईंचे केस गेले, तोंड इतकं आलं की भाकरी दुधात कुस्करूनही गिळवेना. दोन फेऱ्यांनंतर त्या पुढे जायला तयार नव्हत्या. आजाराची नव्हे, औषधाची भीती बसली होती. नवरा समजावतो, मी समजावते, सून रडते. शेवटी त्यांनी उपचार पूर्ण केले. पण औषध जिथे हवं तिथेच गेलं असतं तर, हा प्रश्न मला तेव्हापासून सोडत नाही.

या प्रश्नाच्या एका उत्तरात कोलॅजेन आहे. निरोगी रक्तवाहिनीत रक्ताचा कोलॅजेनशी संबंध येत नाही, मध्ये पेशींचं अस्तर असतं. विळीने बोट कापलं की अस्तर फाटतं आणि कोलॅजेन उघडं पडतं. रक्तात एक प्रथिन फिरत असतं, फॉन विलेब्रांड घटक नावाचं. ते लगेच उघड्या कोलॅजेनला पकडतं, त्याला रक्तातल्या बिंबिका चिकटतात आणि रक्त थांबतं. म्हणजे कोलॅजेनला बरोबर ओळखून धरणारा एक चिमटा शरीरातच तयार आहे. आता कर्करोगाच्या गाठीत काय होतं, की तिथल्या रक्तवाहिन्या कच्च्या, झिरपणाऱ्या असतात आणि गाठीत कोलॅजेन भरपूर असतं. म्हणजे रक्ताला तिथे कोलॅजेन उघडं सापडतं. मग औषधालाच हा चिमटा जोडला तर?

अमेरिकेत शिकागो विद्यापीठात जेफ्री हबेल आणि जुन इशिहारा यांच्या गटाने नेमकं हेच केलं. त्या प्रथिनाचा कोलॅजेन धरणारा तेवढाच भाग घेतला आणि इंटरल्युकिन-२ या औषधाला जोडला. हे औषध शरीराची प्रतिकारशक्ती कर्करोगावर सोडतं, पण अंगभर पसरलं की रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपतं, फुप्फुसाला सूज येते. चिमटा जोडलेलं औषध शिरेतून दिल्यावर गाठीत जाऊन अडकून राहिलं, गाठी जास्त आटल्या आणि त्रास कमी झाला. हे त्यांनी २०१९ साली प्रसिद्ध केलं. त्याच्याही आधी, १९९८ साली, जपानच्या शास्त्रज्ञांनी एका जिवाणूकडून असाच कोलॅजेन धरणारा तुकडा घेऊन जखम भरणाऱ्या प्रथिनांना जोडला होता, म्हणजे ती लावल्या जागीच टिकावीत. मात्र शिकागोचे प्रयोग उंदरांवरचे आहेत बरं का! कोणी उद्या डॉक्टरांकडे जाऊन हे मागू नका, आणि चालू असलेला उपचार तर मुळीच थांबवू नका. चिमट्याला काय धरायचं आहे, त्या वेणीचं चित्र मात्र मद्रासहून आलेलं.

रामचंद्रन यांचं आणखी एक काम आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. १९७१ साली त्यांनी ए. व्ही. लक्ष्मीनारायणन यांच्यासोबत, वेगवेगळ्या बाजूंनी काढलेल्या क्ष-किरण चित्रांवरून आतलं चित्र गणिताने पटकन कसं उभं करायचं याची पद्धत दिली. सीटी स्कॅनमध्ये ही पद्धत वापरली गेली. डोक्याला मार लागला की आपण पेशंटला ज्या यंत्रात सरकवतो, त्यामागे हे गणित आहे. सीटी स्कॅनसाठी १९७९ साली नोबेल मिळालं, ते दुसऱ्या दोघांना. रामचंद्रन यांना नोबेल कधीच मिळालं नाही. १९६१ चा भटनागर पुरस्कार मिळाला, १९७७ साली लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना सदस्य करून घेतलं.

मद्रास सोडून ते पुन्हा बंगलोरला आले आणि १९७१ साली तिथे रेण्वीय जीवभौतिकीचा विभाग उभा केला. त्यांना कर्नाटकी संगीताची आवड होती. स्वभाव तापट आणि हळवा, दोन्ही. मनाच्या आजारानेही त्यांना अधूनमधून गाठलं, आणि अशा माणसासोबत ५० वर्षांहून जास्त संसार राजम यांनी केला. मी जेवढं वाचलं त्यात राजम यांच्या वाट्याला दोन-चार ओळींपलीकडे काही नाही. त्यांनी सांभाळलेलं घर, वाढवलेली मुलं, नवऱ्याची आजारपणं, यांचा कुठे आलेख निघत नाही. त्यांचा एक मुलगा, रमेश नारायण, आज अमेरिकेत हार्वर्डला नावाजलेला खगोलशास्त्रज्ञ आहे.

१९९८ साली राजम गेल्या. त्यानंतर रामचंद्रन खचले. आधीच पक्षाघाताचा झटका येऊन गेला होता, पार्किन्सनने हातपाय थरथरत होते. १९९९ साली स्फटिकशास्त्रातला मोठा समजला जाणारा इवाल्ड पुरस्कार त्यांना जाहीर झाला, तेव्हा ते अंथरुणाला खिळत चालले होते. ७ एप्रिल २००१ रोजी चेन्नईत त्यांचं निधन झालं. वय ७८.